घोटा, गुल्फ आणि स्नायू : एका सांध्याची रचना आणि त्याची भाषा

अवयवांची नावे हा कोणत्याही भाषेतील अत्यंत स्थिर शब्दसंग्रह मानला जातो. परंतु स्थिर राहते ते नाव. त्याचा अर्थ स्थिर राहतोच असे नाही. प्रस्तुत टिपणात पायाच्या घोट्यासंबंधीचे काही मराठी शब्द या दृष्टीने तपासावयाचे आहेत. हा प्रश्न केवळ कोशकाराच्या सोयीचा नाही. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्यात पावसाळ्यात भाताच्या खाचरांतून चिखलणी आणि लावणी चालते. निसरडे बांध, उतरणीच्या पायवाटा, कोरीगड-घनगडासारख्या किल्ल्यांचे चढउतार यांमुळे पाय मुरगळणे ही तेथील नित्याची गोष्ट होय. अशा वेळी दुखणेकऱ्याने जे सांगितले आणि डॉक्टरांनी जे जाणले त्यांत अंतर पडले, तर मोडलेले हाड मुरगळा समजून चोळले जाण्याचा संभव असतो.

१. सांध्याची रचना

नडगीचे हाड आतल्या बाजूने व त्याच्या शेजारचे बारीक हाड बाहेरच्या बाजूने खाली उतरते. या दोहोंच्या खालच्या टोकांमध्ये जी खोबण होते, तीत पावलाचे सर्वांत वरचे हाड बसते. या सांध्यात पाऊल वर सुमारे २० अंश व खाली सुमारे ५० अंश वळू शकते. पाऊल आत किंवा बाहेर कलते ते मुख्यतः याच्या खालच्या सांध्यात.

खोबणीत बसणारे हाड पुढे रुंद व मागे अरुंद आहे. त्यामुळे पाऊल वर उचललेले असता सांधा घट्ट बसतो आणि चवडा खाली झुकला की सैल पडतो. उतार उतरताना किंवा बांधावरून खाचरात पाय टाकताना चवडा खाली झुकलेला असतो. घोटा दगा देतो तो बहुधा त्याच क्षणी. बाहेरच्या बाजूस तीन बंध आहेत. त्यांतील पुढचा सर्वांत दुबळा. पाऊल आत वळले की प्रथम तोच ताणला जातो वा तुटतो. आतल्या बाजूचा पंख्यासारखा बंध पुष्कळच बळकट असतो.

२. शब्दांचा विचार

अमरकोशात ‘घुटिका’ आणि ‘गुल्फ’ हे पर्यायशब्द आहेत. मराठी ‘घोटा’ हा पहिल्या शब्दाच्या कुळातला. हिंदी ‘घुटना’ही त्याच कुळातला दिसतो, पण त्याचा अर्थ मात्र गुडघा! मराठीत ‘घोटा’ म्हणजे हाडाचा उंचवटा आणि सबंध सांधाही. ‘पाय’ तर मांडीपासून बोटांपर्यंत पसरलेला. ‘पाय मुरगळला’ या अकर्मक वाक्यात घटना कळते. जागा आणि दिशा या दोन्ही गोष्टी अध्याहृत राहतात.

‘स्नायू’ या शब्दाची कथा याहून उद्बोधक आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ‘स्नायु’ म्हणजे सांधे बांधणारे बंध, तर ‘पेशी’ म्हणजे मांसाचे स्नायू. बंधांनी नीट जखडलेल्या फळ्यांची नाव पाण्यात भार वाहते, तसे शरीर स्नायूंमुळे भारक्षम होते, असा दृष्टांत तेथे आहे. हाडे, पेशी, सिरा वा सांधे दुखावल्याने होत नाही इतकी हानी स्नायू दुखावल्याने होते, असेही ग्रंथकार म्हणतो. गुल्फ या मर्मावरील आघाताने वेदना, पावलाचा ताठरपणा किंवा लंगडेपणा येतो, हेही त्याने नोंदविले आहे. आधुनिक मराठीत ‘स्नायू’ मांसाकडे गेला आणि ‘पेशी’ सूक्ष्म जीवघटकाकडे. बंगालीत तर ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतू. परिणामी घोट्याच्या ज्या बंधाला इजा होते, त्याला बोलीत सर्वमान्य नावच उरले नाही. माणूस ‘शीर दुखावली’ किंवा ‘स्नायू आखडला’ असे म्हणतो. आखडलेले ते चोळून मोकळे करावे, हा विचार त्या शब्दांतूनच निघतो. वस्तुतः नुकत्याच तुटलेल्या बंधावर जोराने चोळल्यास आतला रक्तस्राव व सूज वाढते.

३. निदान आणि उपचार

कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली प्रौढ रुग्णांसाठी प्रसिद्ध झालेले नियम येथे उपयोगी आहेत. घोट्याच्या भागात वेदना असून दोहोंपैकी कोणत्याही हाडाच्या खालच्या ६ सेंटिमीटरांत मागच्या कडेवर किंवा टोकावर दाबल्यास दुखत असेल, अथवा इजेनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण चित्र घ्यावे. पावलाच्या मधल्या भागासाठी असेच वेगळे निकष आहेत.

‘घोटा दुखतो का?’ या प्रश्नाने हाडाची कड आणि तिच्यापुढील मऊ खळगा यांतील भेद कळणार नाही; तेथे बोट ठेवूनच विचारले पाहिजे. दुसऱ्या निकषात मराठी व्याकरणाचा संबंध येतो. ‘मला चालवत नाही’ हे शक्यार्थक रूप वेदनेमुळे होणारी अनिच्छा दाखविते. ‘मला चालता येत नाही’ हे असामर्थ्य. पहिले म्हणणारा लंगडत का होईना, चार पावले टाकू शकेल आणि नियमात तेवढे पुरते. उलट, सोशीक माणूस खरोखर पाऊल टेकत नसतानाही ‘चालवत नाही’ एवढेच म्हणतो. म्हणून रूपावर विसंबून न राहता त्यास चालावयास सांगणे हेच योग्य.

हाड शाबूत असल्यास आरंभीचे काही दिवस विश्रांती, थंड शेक, पट्टी आणि पाय उंच ठेवणे हा उपचार. त्यानंतर सोसेल तशी हालचाल सुरू करावी. एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव केल्याने घोटा पुनःपुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो. दीर्घकाळ जखडून ठेवल्याने सांधा ताठरतो.

परिभाषा घडविताना ‘अस्थिबंध’ यासारखा शब्द ग्रंथात असून भागत नाही. तो शेताच्या बांधावर पोहोचावा लागतो. तोवर ‘हाडांना बांधणारा पट्टा तुटला आहे, तो चोळू नका’ हे साधे वाक्यच अधिक शास्त्रीय ठरेल.