एक गीत, अनेक श्रवणे : ‘हॅलेलुया’विषयी श्रोत्यांत मतभेद का होतात?

प्रास्ताविक

एकच गीत दोन श्रोते ऐकतात. एकाला ती प्रार्थना वाटते, तर दुसऱ्याला विफल प्रेमाची कैफियत. अशा वेळी ‘ज्याची त्याची आवड’ असे म्हणून विषय मिटविला जातो. साहित्याच्या वर्गात विद्यार्थ्यांची मते भिन्न झाली की आपणही पुष्कळदा याच वाक्याचा आश्रय घेतो. परंतु मतभेदाची कारणे शोधता येत असतील, तर ती शोधणे हे अध्यापकाचे कर्तव्यच ठरते. प्रस्तुत लेखात कॅनडातील कवी-गायक लिओनार्ड कोहेन (१९३४-२०१६) यांच्या ‘हॅलेलुया’ या संथ व उदास गीताच्या आधारे या कारणांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

मतभेद किती तीव्र होऊ शकतात, याचे प्रत्यंतर डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनमध्ये आले. दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेची विजेती अलेक्झांड्रा बर्क हिने गायिलेले हे गीत विक्रीच्या क्रमवारीत प्रथम स्थानी होते. त्यास विरोध म्हणून चाहत्यांनी दिवंगत गायक जेफ बक्ली याचे ध्वनिमुद्रण विकत घेण्याची मोहीम चालविली व ते द्वितीय स्थानी पोहोचले. स्वतः कोहेन यांचे मूळ ध्वनिमुद्रण त्याच सप्ताहात ३६व्या स्थानी होते. एकाच गीताची ही तीन रूपे श्रोत्यांना एकमेकांच्या जागी चालणारी वाटत नव्हती, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

पाठभेद

मतभेदाचे पहिले कारण सर्वांत साधे, म्हणूनच दुर्लक्षित आहे. सर्व श्रोते एकच गीत ऐकत नाहीत. कोहेन यांनी या गीतासाठी अनेक वर्षे खपून कितीतरी कडवी लिहिली व त्यांतील चार निवडून १९८४ मध्ये ‘व्हेरियस पोझिशन्स’ या संग्रहात ध्वनिमुद्रित केली. हा संग्रह अमेरिकेत प्रसिद्ध करण्यास त्यांच्या मूळ कंपनीने नकार दिला होता. पुढे १९८८च्या मैफलींत त्यांनी बहुतांश कडवी बदलली व शारीर प्रेमाचे आणि कटुतेचे वर्णन करणारी कडवी पुढे आणली. जॉन केल यांनी १९९१ मध्ये मूळ ध्वनिमुद्रणातील पहिली दोन व मैफलीतील तीन कडवी एकत्र करून नवा पाठ सिद्ध केला. बक्लीने १९९४ मध्ये हाच पाठ स्वीकारला व पुढील बहुसंख्य गायकांनीही तोच प्रमाण मानला.

या पाठभेदाचा परिणाम शेवटावर होतो. १९८४च्या पाठाच्या अंती निवेदक आपले अपयश मान्य करून ईश्वरापुढे स्तुतीसह उभा राहतो. केल यांच्या पाठात हे कडवे नाही. तेथे गीत दुखावलेल्या प्रेमाच्या थंड उच्चारापाशी थांबते. गीत आशावादी की निराश, या वादातील दोन्ही पक्ष आपापल्या पाठापुरते बरोबर असतात.

शब्दातील व स्वरांतील द्वैत

दुसरे कारण गीताच्या आशयातच आहे. ‘हॅलेलुया’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘परमेश्वराची स्तुती करा’ असा आहे. स्तोत्रसंहितेतील अखेरची पाच स्तोत्रे या शब्दाने सुरू होतात व त्यानेच संपतात. कोहेन यांनी हा उपासनेतील शब्द संसाराच्या मध्यभागी आणून ठेवला. गीतात दावीद राजा येतो तो तंतुवाद्य वाजविणारा भक्त म्हणून. आणि लगेच स्नान करणाऱ्या बथशेबेच्या मोहात पडलेला पुरुष म्हणूनही. त्याच कडव्यात दलीलेने केस कापविलेल्या शमशोनाची कथा मिसळली आहे. भक्ती आणि वासना, सामर्थ्य आणि पराभव यांना एकच उद्गार जोडला गेल्याने कोणता अर्थ मुख्य मानावा हे श्रोत्यावर सोपविले जाते. पूर्ण आणि भंगलेली, अशा दोन्ही प्रकारच्या स्तुतींचे मोल सारखेच, अशी कोहेन यांची भूमिका होती.

स्वररचनाही हे द्वैत जपते. गीत मेजर स्वरसप्तकात बांधलेले आहे. पण पहिल्याच ओळीत मेजर व त्याचा निकटवर्ती मायनर यांचे स्वरमेळ आलटून पालटून येतात. तीन-तीन मात्रांच्या चार गटांचे हेलकावे घेणारे चलन गॉस्पेल गायनाची आठवण करून देते, तर संथ लय उदासी गडद करते. ध्रुपदात एकच शब्द वारंवार येत असल्याने अर्थाचा भार गायकाच्या आवाजावर पडतो. कोहेन यांच्या मुद्रणात समूहस्वर आहेत, त्यामुळे ते सामुदायिक उपासनेसारखे वाटते. बक्लीच्या जवळपास सात मिनिटांच्या गायनात केवळ एक आवाज व एक गिटार असल्याने ते एकांतातील कबुलीसारखे वाटते.

प्रसंगाचे संस्कार

तिसरे कारण श्रवणाच्या प्रसंगाशी संबंधित आहे. बक्ली २९ मे १९९७ रोजी वयाच्या तिसाव्या वर्षी बुडून मरण पावला. त्यानंतर त्याचे गायन ऐकणाऱ्यांना त्यात मृत्यूची चाहूल जाणवू लागली, जी १९९४ मध्ये जाणवण्याचे कारण नव्हते. २००१च्या ‘श्रेक’ या चित्रपटात शृंगारिक भाग गाळून हे गीत वापरले गेले. त्या पिढीतील मुलांना ते विरहगीत म्हणून परिचित झाले. ऑगस्ट २०२०मध्ये अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात, कोहेन यांच्या वारसदारांनी परवानगी नाकारलेली असतानाही, ते आतषबाजीच्या वेळी वाजविण्यात आले. ध्रुपदातील एका शब्दावर विजयोत्सव उभारला गेला आणि कडव्यांतील पराभव ऐकूच आला नाही.

सर्व अर्थ सारखेच ग्राह्य काय?

वरील विवेचनावरून ‘कोणताही अर्थ चालतो’ असा निष्कर्ष निघत नाही. उदाहरणार्थ, हे पारंपरिक ख्रिस्ती भजन आहे, हा समज टिकत नाही. कवी ज्यू कुटुंबातील असून गीतात ख्रिस्ताचा उल्लेखही नाही. तसेच कोहेन १९९९ मध्ये मुंबईत रमेश बाळसेकर यांच्या सत्संगास येत असत, या सत्य घटनेवरून गीतात अद्वैत वेदान्त शोधण्याचा मोह होऊ शकतो. परंतु गीत त्यापूर्वी पंधरा वर्षे प्रसिद्ध झाले होते. कवीच्या चरित्राचा आधार घेताना कालक्रम सांभाळावाच लागतो.

समारोप

सारांश, श्रोत्यांमधील मतभेद हा केवळ रुचिभेद नसतो. पाठ कोणता, त्या पाठातील कोणते शब्द व स्वर आपल्या मतास आधार देतात, आणि आपण ते कोणत्या प्रसंगी ऐकले, हे तीन प्रश्न विचारल्यास अनेक वाद मिटतात. जे उरतात ते अधिक अर्थपूर्ण ठरतात. उत्तरपत्रिका तपासतानाही हाच निकष उपयुक्त ठरेल. विद्यार्थ्याचा अर्थ आपल्यापेक्षा भिन्न आहे म्हणून गुण कमी करणे जितके अन्यायाचे, तितकेच आधार न मागता प्रत्येक अर्थाला मान डोलावणेही अन्यायाचे आहे. पहिल्या प्रकारात विद्यार्थ्याचे ऐकले जात नाही. दुसऱ्या प्रकारात त्याला ऐकायला शिकविले जात नाही.