पुस्तक बदललं, प्रश्नपत्रिकेचं काय?

राज्याचा नवा अभ्यासक्रम २०२५-२६ मध्ये पहिलीपासून सुरू झाला. पुढच्या इयत्तांना तो टप्प्याटप्प्याने लागू व्हायचा आहे. चर्चा मात्र ‘सीबीएसई पॅटर्न’ आणि वेळापत्रक यांच्यातच अडकली आहे. नागपुरात म्हाळगीनगर चौकातून हुडकेश्वरकडे निघालं की शिकवणी वर्गांच्या पाट्यांवर टक्केवारी झळकते. मूल स्वतःच्या डोक्याने विचार करतं का, हे कुणी सांगत नाही.

शिकवण्याच्या पद्धतीने काय फरक पडतो, ते आपल्या संत्र्यावरच पाहा. घनतेची व्याख्या फळ्यावर लिहून दिली की मुलं ती पाठ करतात आणि तास संपतो. त्याऐवजी बादलीभर पाण्यात संत्रं सोडा. सालीसकट ते तरंगतं. मग विचारा, “सोललं तर?” बरीच मुलं म्हणतील, हलकं झालं, म्हणजे तरंगणारच. सोललेलं संत्रं सहसा बुडतं! आता कारण शोधणं आलं, आपसांत वाद आला आणि सालीत अडकलेल्या हवेपर्यंत पोहोचणं आलं. एखाद्या गटाचं संत्रं बुडलं नाही, तर ते का, हेही तपासायचं. पुराव्यापुढे आपलं मत बदलण्याची सवय अशीच लागते.

कॅनडातले संशोधक फिलिप अब्रामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये चिकित्सक विचार शिकवण्याविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. वर्गातली चर्चा आणि खऱ्या जगण्यातले प्रश्न यांनी चिकित्सक विचार वाढतो, असं त्यात दिसलं. शिक्षकाचं वैयक्तिक मार्गदर्शन जोडीला असेल, तर परिणाम आणखी चांगला.

यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही, हे नागपूरने केव्हाच दाखवलंय. सुरेश अग्रवाल यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या ‘अपूर्व विज्ञान मेळाव्या’त महापालिका शाळांमधली मुलं फुगे, बाटल्या, स्ट्रॉ अशा साध्या वस्तूंनी प्रयोग करतात आणि बघणाऱ्यांना त्यामागचं विज्ञान समजावून सांगतात. दुसऱ्याला समजावताना आपल्याला काय कळलं नाही, हे लगेच उघडं पडतं. म्हणूनच हा मेळावा मला कुठल्याही स्मार्ट क्लासपेक्षा मोलाचा वाटतो.

पण मेळावा काही दिवसांचा, परीक्षा वर्षभराची. शेजारच्या मध्य प्रदेशातल्या होशंगाबादमध्ये १९७२ साली १६ शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने परीक्षेचं हे वजन नेमकं ओळखलं होतं. मुलं प्रयोगातून शिकत आणि परीक्षेला पुस्तक सोबत नेत, कारण पाठांतर तपासायचंच नव्हतं. २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तरी त्याचा धडा आजही लागू आहे: परीक्षा जे विचारते, तेच वर्गात शिकवलं जातं.

साठ मुलांचा वर्ग आणि शाळाबाह्य कामांचं ओझं असलेल्या शिक्षकाला एकट्याने हे जमणार नाही. त्याला वेळ आणि प्रशिक्षण द्यायलाच हवं. पालकांनीही पुढच्या सभेत गुण विचारण्याआधी घटक चाचणीची प्रश्नपत्रिका मागावी. गाईडमध्ये उत्तर सापडणार नाही, असा एक तरी प्रश्न तीत आहे का, ते पाहावं. नसेल, तर तिथेच उभं राहून विचारावं: का नाही?