औषधाच्या दुकानातील भिंतीवरची चौकट



सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची साथ आली, तेव्हाची धावपळ लिंबायतच्या जुन्या माणसांना अजून आठवत असेल. लाखो लोक शहर सोडून गावाकडे निघाले. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूलसाठी औषधाच्या दुकानांवर झुंबड उडाली आणि साठे संपले. अशा घाईत एकच औषध घरातल्या सर्वांना द्यावे असे कोणालाही वाटेल. पण हे औषध गरोदर बाईला व आठ वर्षांखालील मुलांना सहसा देत नाहीत. मुलांच्या दातांवर त्याचे कायमचे डाग पडू शकतात. हे सांगणारा जाणकार दुकानात असलाच पाहिजे.

त्या जाणकाराला फार्मासिस्ट म्हणतात. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनेच द्यावयाचे असते. डॉक्टरांना आपल्या स्वतःच्या रुग्णाला औषध देण्याची मुभा आहे.

येथे पुष्कळांची गल्लत होते. ट्रॅक्टरची कागदपत्रे वेगळी आणि तो चालवणाऱ्याचे लायसन्स वेगळे, तसेच हे आहे. दुकानाला परवाना राज्याचे अन्न व औषध खाते देते. माणसाची नोंदणी राज्याचे फार्मसी कौन्सिल करते. दोन्ही हवीत.

आपल्या मुलामुलींपैकी कोणी या शिक्षणाकडे वळणार असेल, तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) डी. फार्मसाठी बारावी विज्ञान लागते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. फी भरण्यापूर्वी कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे ना, हे पाहावे. मान्यता नसलेल्या कॉलेजच्या कागदावर नोंदणी होत नाही, आणि शेत गहाण ठेवून भरलेले पैसे वाया जातात.

२) त्यानंतर निदान तीन महिन्यांत मिळून ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते. त्यातले २५० तास तरी चिठ्ठीवरून औषध देण्याचे असावे लागतात. शिकाऊ मुलाने फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच काम करावे. त्याच्यावर दुकान सोपवून मालकाने निघून जाणे नियमात बसत नाही.

३) २०२२ च्या नियमांनी डिप्लोमानंतर एक्झिट परीक्षेची तरतूद केली आहे. आपल्या तुकडीला ती लागू आहे का, हे कौन्सिलकडे विचारून घ्यावे.

४) जळगाव, धुळे, नंदुरबारकडे शिकून महाराष्ट्रात नोंदणी झालेल्याने सुरतेत नोकरी धरण्यापूर्वी गुजरातच्या कौन्सिलकडे नोंदणी करून घ्यावी. नूतनीकरणाची मुदत चुकवू नये. चुकल्यास नाव नोंदवहीतून निघू शकते.

आता एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. काही तरुण आपले सर्टिफिकेट दुकानदाराला महिन्याच्या भाड्याने देतात आणि स्वतः दुसरीकडे काम करतात. भिंतीवर नाव एकाचे, औषध देतो दुसराच. घरबसल्या पैसे मिळतात म्हणून आईबापही गप्प बसतात. परंतु चुकीची गोळी दिली गेली तर त्याची झळ एखाद्या गरिबाच्या घराला लागते. आठव्या आज्ञेने आपल्याला खोटी साक्ष वर्ज्य केली आहे. भाड्याने टांगलेले सर्टिफिकेट म्हणजे भिंतीवरची खोटी साक्षच होय.

आपण गिऱ्हाइकांनी काय करावे? चौकटीतले नाव वाचावे व ती व्यक्ती दुकानात आहे का, हे विचारावे. यात संकोच कसला? बियाणे घेताना आपण पिशवीवरचा टॅग पाहतोच. औषधाचे बिल घ्यावे. पट्टीवर लाल रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय ते औषध मागू नये. क्षयरोगाची व काही जबर अँटिबायोटिक औषधे १ मार्च २०१४ पासून एच-वन यादीत आहेत. दुकानदाराला त्यांची विक्री रुग्णाच्या व डॉक्टरच्या नावासह वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे ठेवावी लागते. त्याने नाव विचारले तर रागावू नये.

संत कोस्मास व दामियन हे औषध देणाऱ्यांचे आश्रयदाते. रुग्णांकडून ते पैसे घेत नसत, अशी परंपरा आहे. २६ सप्टेंबरला त्यांचा सण येतो. त्या दिवशी आपल्या वस्तीतील प्रामाणिक फार्मासिस्टांसाठी आपण प्रार्थना करू या, आणि आपल्या घरातले सर्टिफिकेट भाड्याने दिले असेल तर ते परत आणू या.