आतडं आखूड झाल्यावर पाणी कसं प्यावं?

मे महिन्यात मालवणच्या उकाड्यात आजारी माणसापुढे शहाळं ठेवणं ही घराघरातली माया. पण लहान आतड्याचा बराच भाग कापून काढलेल्या रुग्णाला तेच शहाळं आणखी कोरडं पाडू शकतं. घरच्यांना हे आधी कळायला हवं.

काय झालेलं असतं?

मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं. रक्तपुरवठा थांबून ते काळं पडलं, त्याला पीळ बसला किंवा क्रोन्ससारख्या आजाराने ते खराब झालं, तर कापावं लागतं. दोन मीटरपेक्षा कमी उरलं तर ‘शॉर्ट बॉवेल सिंड्रोम’ होऊ शकतो. काहींच्या आतड्याचं टोक पोटावर बाहेर काढून तिथे पिशवी लावलेली असते. त्या पिशवीत दिवसाला दीड-दोन लिटरहून जास्त द्रव पडू लागला, की सोडियम आणि मॅग्नेशियमही झपाट्याने जातं.

पिऊनही तहान का भागत नाही?

आतड्याच्या वरच्या भागाचं अस्तर फार पाझरतं. कमी मिठाचं पेय तिथे पोचलं, की शरीरातलं सोडियम आतड्यात उतरतं आणि त्यामागोमाग पाणीही. साधं पाणी आणि चहा याच गटातले. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम थोडं. कोकम सरबतातली जास्तीची साखरही पाणी आतड्यात ओढते. पिशवी भरते, तहान वाढते, माणूस आणखी पितो. ‘भरपूर पाणी प्या’ हा एरवीचा चांगला सल्ला इथे घातक ठरतो.

मग प्यायचं काय?

मीठ आणि ग्लुकोज एकत्र असलं, तर आतडं दोन्ही शोषतं आणि पाणीही आत घेतं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर पटकीचे असंख्य रुग्ण वाचवले. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयाचं मिश्रण असं: १ लिटर पाणी, २० ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खायचा सोडा. वजन करूनच घ्यावं, गार करून दिवसभर घोट घोट प्यावं. इतर पेयं किती घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. बहुतेकदा अर्धा ते एक लिटर. मूत्रपिंडाचा, हृदयाचा आजार किंवा मधुमेह असेल तर आधी विचारावंच.

जेवण आणि गोळ्या

उकड्या तांदळाची मऊ पेज, मीठ जरा सढळ हाताने. थोडं थोडं, अनेकदा. जेवताना पाणी टाळावं. मोठं आतडं शाबूत असेल तर ऑक्झलेटमुळे मुतखड्याची भीती असते, म्हणून अळू, पालक आणि काजू बेताने. पिशवीत पडणारा द्रव कमी करणारं लोपेरामाइड जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायचं असतं. गोळी अख्खीच पिशवीत आली, तर डॉक्टरांना सांगा.

थांबू नका

रोज वजन, पिशवीतलं माप आणि लघवीचं माप वहीत लिहा. लघवी लिटरभराच्या बरीच खाली आली, गरगरलं, पायात गोळे आले, तर त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जा. शिरेतून सलाइन लागू शकतं. ओरोसच्या रुग्णालयात जा की गोव्यातल्या बांबोळीच्या, किती आतडं उरलंय हे लिहिलेला शस्त्रक्रियेचा कागद सोबत न्या.