आयर्लंडमधील वन्यजीवरक्षण व ऋतुनिरीक्षण

यूरोपच्या वायव्येस अटलांटिक महासागरातील आयर्लंड बेटावर वन्य प्राणी, पक्षी व वनस्पती यांच्या रक्षणासाठी चालणारे कार्य आणि त्यांच्या वार्षिक घडामोडींच्या पद्धतशीर नोंदी. आयर्लंडचे प्रजासत्ताक व उत्तर आयर्लंड (युनायटेड किंग्डम) असे बेटाचे राजकीय विभाग असले, तरी वन्यजीवांच्या दृष्टीने ते एकच क्षेत्र होय. दोन्ही भागांत कायदे वेगळे आहेत. प्रजासत्ताकात १९७६ चा वन्यजीव अधिनियम (सुधारणा २०००), तर उत्तर आयर्लंडमध्ये १९८५ चा वन्यजीव आदेश हा रक्षणाचा मुख्य आधार आहे.

प्राकृतिक पार्श्वभूमी : शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढून आयर्लंड मुख्य भूमीपासून तुटले. त्यामुळे ब्रिटनमध्ये आढळणाऱ्या अनेक जाती येथे पोहोचू शकल्या नाहीत. येथे मूळचे साप नाहीत. सरड्याची एकच जात मूळची आहे. उभयचरांच्याही तीनच जाती आढळतात. मात्र आयरिश ससा (लेपस टिमिडस हायबर्निकस) हा उपप्रकार केवळ याच बेटावर सापडतो. उत्तर अटलांटिक प्रवाहामुळे हिवाळा सौम्य असतो. जमीन क्वचितच गोठते व गवत हिरवे राहते. म्हणूनच उत्तर ध्रुवीय प्रदेशातील असंख्य पाणपक्षी हिवाळ्यात येथे आश्रयास येतात.

ऋतुचक्र : आयरिश परंपरेनुसार १ फेब्रुवारी या संत ब्रिजिडच्या दिवशी वसंताचा प्रारंभ होतो. याच सुमारास डबक्यांत बेडकांच्या अंड्यांचे पुंजके दिसू लागतात. एप्रिलमध्ये आफ्रिकेतून भिंगऱ्या परततात आणि पावश्याच्या कुलातील कुकू पक्ष्याचा आवाज ऐकू येतो. मे महिन्यात पाकोळ्या येतात व शेताच्या बांधांवरील हॉथॉर्नची झुडपे पांढऱ्या फुलांनी भरून जातात. केरी किनाऱ्यालगतच्या स्केलिग बेटांवर याच काळात पफिन घरटी करतात व ऑगस्टच्या प्रारंभी समुद्रावर परततात. शरद ऋतूत किलार्नीच्या डोंगरांत लाल हरणांच्या नरांची डरकाळी घुमते आणि किनाऱ्यांवर करड्या सीलची पिले जन्मतात. ऑक्टोबरमध्ये आइसलँडहून हूपर हंस उतरतात. वेक्सफर्डजवळील, समुद्र हटवून मिळविलेल्या सखल जमिनीवर ग्रीनलंडमधील श्वेतभाल कलहंस हिवाळा काढतात.

डब्लिन उपसागरातील नॉर्थ बुल बेट हे हिवाळी निरीक्षणाचे प्रसिद्ध स्थळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बंदरातील गाळ हटविण्यासाठी बांधलेल्या भिंतीमागे वाळू साचून ते तयार झाले. १९३१ मध्ये ते पक्षी-अभयारण्य व १९८१ मध्ये युनेस्कोचे जीवावरण राखीव क्षेत्र झाले. कॅनडाच्या ध्रुवीय भागातून येणारे ब्रेंट कलहंस प्रथम चिखलातील सागरी गवत खातात. ते संपत आले, की शहरातील क्रीडांगणांवर चरू लागतात. हजारो किमी. उडून आलेले पक्षी शाळेच्या मैदानावर पाहावयास मिळावेत, असा योग जगातील थोड्याच राजधान्यांत येतो.

नोंदींची परंपरा : बेलफास्ट (१८६३) व डब्लिन (१८८६) येथील निसर्गप्रेमींच्या क्षेत्रमंडळांनी हौशी निरीक्षणाचा पाया घातला. रॉबर्ट लॉइड प्रेगर (१८६५–१९५३) यांच्या पुढाकाराने १९०९–११ या काळात मेयो परगण्यातील क्लेअर बेटाचे सर्वेक्षण झाले. त्यात शंभराहून अधिक अभ्यासकांनी भाग घेतला. कॉर्क परगण्यातील केप क्लिअर येथे १९५९ मध्ये पक्षी-वेधशाळा स्थापन झाली. आजच्या ‘बर्डवॉच आयर्लंड’ संस्थेचा आरंभ १९६८ चा आहे. वॉटरफर्ड येथील राष्ट्रीय जैवविविधता माहिती केंद्र (२००७) सामान्य नागरिकांनी पाठविलेल्या नोंदीही तपासून जतन करते. पहिली भिंगरी किंवा पहिले फूल यांची एकाकी तारीख फारसे काही सांगत नाही. त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीने अनेक वर्षे घेतलेल्या नोंदींवरूनच हवामानबदलाचा परिणाम किंवा एखाद्या जातीचा ऱ्हास ओळखता येतो.

ऋतू व रक्षण : रक्षणाचे बरेचसे नियम ऋतुचक्रावरच बेतलेले आहेत. प्रजासत्ताकात १ मार्च ते ३१ ऑगस्ट या विणीच्या काळात, कायद्यातील अपवाद वगळता, बांधावरील झुडपे तोडण्यास मनाई आहे. जंगल थोडे असलेल्या या देशात झुडपांचे बांध हेच अनेक पक्ष्यांचे वसतिस्थान होय.

कॉर्नक्रेक (क्रेक्स क्रेक्स) या पाणकोंबडीच्या कुलातील पक्ष्याचे उदाहरण बोलके आहे. तो एप्रिलमध्ये आफ्रिकेतून येतो व उंच गवतात जमिनीवर घरटे करतो. तो क्वचितच दृष्टीस पडतो. म्हणून रात्री ओरडणाऱ्या नरांच्या आवाजावरून त्याची गणती करतात. पूर्वी गवत उन्हाळ्याच्या उत्तरार्धात हाताने कापले जाई. मुरघासासाठी ते यंत्राने लवकर कापले जाऊ लागल्यावर अंडी व पिले नष्ट होऊ लागली. शेताच्या कडेकडून आत कापणी केल्यास पक्षी मधल्या गवतात कोंडले जातात, कारण उघड्या जमिनीवर येण्यास ते धजत नाहीत. यावर उपाय साधा आहे : कापणी उशिरा करावी, ती मध्यापासून कडेकडे न्यावी आणि यामुळे होणाऱ्या नुकसानीबद्दल शेतकऱ्यास मोबदला द्यावा. आता हा पक्षी मुख्यतः डनिगॉल, मेयो व गॉलवे या पश्चिमेकडील परगण्यांत उरला आहे.

लांब, खाली वळलेल्या चोचीच्या कर्ल्यू पक्ष्याची स्थिती अधिक चिंताजनक आहे. १९८० च्या दशकात त्याच्या हजारो जोड्या प्रजासत्ताकात वीण करीत. २०१५–१७ च्या सर्वेक्षणात केवळ १३८ आढळल्या. पीटच्या दलदलींचा निचरा, सूचिपर्णी वृक्षांची लागवड, कुरणांची सघन शेती आणि कोल्हे व कावळे यांचा उपद्रव ही त्याची कारणे होत. हिवाळ्यात बाहेरून येणाऱ्या कर्ल्यूंचे थवे किनाऱ्यावर दिसत असल्याने हा ऱ्हास सामान्य माणसाच्या लक्षात येत नाही. वीण करणाऱ्या जोड्यांची स्वतंत्र गणती म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

यशाचीही उदाहरणे आहेत. विकलो परगण्यातील किलकूल येथे १९८५ पासून छोट्या सुरय पक्ष्यांच्या घरट्यांवर विणीच्या हंगामात पहारा ठेवतात. नामशेष झालेला शुभ्रपुच्छ सागरी गरुड २००७ पासून नॉर्वेहून आणून किलार्नी राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आला व २०१३ मध्ये आयर्लंडमध्ये जन्मलेली पिले प्रथमच घरट्याबाहेर उडाली. १९९१ मध्ये आयरिश सागरी क्षेत्र देवमासे व डॉल्फिन यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाले, तर २०२२ मध्ये बास्किंग शार्कला कायद्याचे संरक्षण मिळाले. तथापि बहुतेक भूमी शेतकऱ्यांच्या मालकीची असल्यामुळे केवळ राखीव क्षेत्रांनी हे कार्य पुरे होत नाही. गवत केव्हा कापावे, दलदल ओली ठेवावी की नाही, यांसारख्या त्यांच्या दैनंदिन निर्णयांवरच अनेक जातींचे भवितव्य अवलंबून आहे.