चित्र-गुणोत्तर, दूरचित्रवाणीतील

दूरचित्रवाणीच्या चित्राची रुंदी व उंची यांच्या गुणोत्तरास चित्र-गुणोत्तर म्हणतात. जुन्या पद्धतीच्या चित्राचे गुणोत्तर ४ : ३ असून रुंद पडद्याच्या आधुनिक चित्राचे १६ : ९ आहे. प्रेक्षकापर्यंत पोहोचणारे चित्र तीन टप्प्यांतून जाते : वाहिनीचे प्रेषण, केबलची वा उपग्रह सेवेची ग्राही पेटी (सेट टॉप बॉक्स, यापुढे पेटी) आणि दूरचित्रवाणी संच. चित्राच्या आकाराविषयी या तिघांचे एकमत नसल्यास माणसे पसरट वा लांबट दिसणे, पडद्यावर काळे पट्टे येणे किंवा चित्राच्या कडा कापल्या जाणे हे दोष उद्भवतात. पुष्कळदा हा संचातील बिघाड समजून दुरुस्तीवर खर्च केला जातो. वस्तुतः पेटी व संच यांची मांडणी परस्परांशी जुळवून घेणे एवढाच त्यावरील उपाय असतो.

इतिहास : एडिसन यांच्या प्रयोगशाळेत डब्ल्यू. के. एल. डिक्सन यांनी १८९० नंतरच्या दशकाच्या आरंभी ३५ मिमी. रुंदीच्या फिल्मवर प्रत्येक चित्रासाठी चार छिद्रांएवढी उंची योजिली. त्यातून ४ : ३ हे गुणोत्तर रूढ झाले. दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र (१९१३) हा मूकपट याच घाटाचा होय. बोलपटात ध्वनिपट्टीसाठी जागा सोडावी लागल्यामुळे अमेरिकेत १९३२ मध्ये सु. १·३७ : १ हे प्रमाण ठरविण्यात आले. संत तुकाराम (१९३६) व श्यामची आई (१९५३) हे चित्रपट या जवळजवळ चौरस घाटाचेच आहेत. दूरचित्रवाणीनेही चित्रपटाचा ४ : ३ हा घाट स्वीकारला. भारतात दिल्ली येथे १९५९ मध्ये व मुंबई येथे २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेले दूरदर्शनचे प्रेषण ६२५ रेषांचे व ४ : ३ गुणोत्तराचे होते. १९८२ मध्ये रंगीत प्रेषण आले, तरी चित्राचा घाट बदलला नाही.

दूरचित्रवाणीच्या स्पर्धेमुळे चित्रपटाने मात्र आपला पडदा रुंद केला. सिनेमास्कोप पद्धती १९५३ मध्ये अवतरली आणि भारतात कागज के फूल (१९५९) हा चित्रपट तिच्यात निघाला. पुढे १९८० नंतर उच्च विभेदनाच्या दूरचित्रवाणीसाठी मानक ठरविताना कर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्यांनी प्रचलित घाटांचे समान क्षेत्रफळाचे आयत एकावर एक ठेवून पाहिले. त्या सर्वांना सामावून घेणारा बाहेरचा आयत आणि त्या सर्वांत सामाईक असलेला आतील आयत या दोहोंचे गुणोत्तर सु. १·७७ आले. १६ : ९ हे प्रमाण त्यावरून सुचले. ते १·३३ व २·३५ या दोन टोकांमधील भूमितीय मध्य असल्यामुळे कोणत्याही घाटाचे चित्र त्यात फारशी जागा वाया न घालवता बसते. परंतु जुने चित्र त्यात तंतोतंत बसत नाही, हेही त्यातूनच निष्पन्न होते.

परभणी जिल्ह्यातील संक्रमण : केबल दूरचित्रवाणी जाळी (नियमन) अधिनियम १९९५ यात २०११ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार देशातील केबल सेवा चार टप्प्यांत अंकीय करण्यात आली. परभणी शहर व जिल्ह्यातील गंगाखेड, जिंतूर, मानवत, पाथरी, पूर्णा, सेलू, सोनपेठ ही नगरपालिकांची गावे तिसऱ्या टप्प्यात येत होती. या टप्प्याची ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत पुढे ३१ जानेवारी २०१७ पर्यंत वाढविण्यात आली. उर्वरित ग्रामीण भागाचा समावेश असलेल्या चौथ्या टप्प्याची अंतिम मुदत ३१ मार्च २०१७ ही होती. खेड्यांत यापूर्वीच दूरदर्शनची विनाशुल्क उपग्रह सेवा (डिसेंबर २००४ पासून ‘डीडी डायरेक्ट प्लस’, नंतर ‘डीडी फ्री डिश’) घेता येत होती. प्रसार भारतीने २०२१-२२ च्या सुमारास आपले बहुतेक सदृश भूस्थित प्रक्षेपक बंद केले.

अशा रीतीने पेटीचा प्रवेश झाला, तेव्हा पुष्कळ घरांत ऋण किरण नलिकेचे ४ : ३ पडद्याचे संच होते. पेटीची मांडणीही त्यांना अनुसरून केली जाई. पुढे जुना संच जाऊन द्रव-स्फटिकी रुंद पडद्याचा संच आला. परंतु पेटी व तिची मांडणी तीच राहिली. मोठ्या शहरांत काही वर्षांच्या अंतराने झालेले हे दोन बदल येथे अल्पावधीत घडले. रुंद पडद्यावर सर्वच माणसे स्थूल दिसण्याचा जो अनुभव येतो, त्याचे एक प्रमुख कारण हे आहे. हा दोष केवळ शोभेचा नाही. शेतीविषयक कार्यक्रमात, हवामानाच्या वार्तापत्रात व बाजारभावांच्या वेळी महत्त्वाचा मजकूर पुष्कळदा पडद्याच्या तळाशी धावत्या पट्टीत असतो. चित्र चुकीच्या रीतीने मोठे केल्यास नेमकी तीच पट्टी पडद्याबाहेर जाते.

चित्राचा घाट कसा ठरतो : नलिकेच्या संचात घाटाचा प्रश्न उद्भवत नसे. इलेक्ट्रॉन शलाका पडद्याचे क्रमवीक्षण करी आणि पडदाच ४ : ३ असल्यामुळे चित्रही तसेच उमटे. अंकीय पद्धतीत स्थिती निराळी आहे. भारतातील सामान्य विभेदनाचे पूर्ण चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे असते. ४ : ३ व १६ : ९ या दोन्ही घाटांसाठी बिंदूंची संख्या तीच असते. रुंद चित्र प्रेषणापूर्वी आडव्या दिशेने दाबून या चौकटीत बसवितात व ग्राहीने ते पुन्हा पसरावे अशी अपेक्षा असते. म्हणजे केवळ बिंदू मोजून घाट कळत नाही. त्यासाठी चित्राबरोबर एक सांकेतिक खूण पाठविली जाते. पेटी ही खूण वाचते आणि आपल्याला कोणत्या प्रकारचा संच जोडला आहे, याविषयी तिच्यात नोंदलेल्या माहितीनुसार चित्राला आकार देते. ही नोंद चुकीची असेल, तर पुढील सर्व आकार चुकतो.

पेटी व संच एचडीएमआय केबलने जोडलेले असल्यास घाटाची माहिती संचापर्यंत पोहोचू शकते. पिवळ्या, लाल व पांढऱ्या पिनांच्या ‘एव्ही’ केबलवर तिचा भरवसा धरता येत नाही. तेथे संच आपल्या मांडणीप्रमाणे चित्र पसरतो. उच्च विभेदनाचे १९२० × १०८० बिंदूंचे चित्र नेहमी १६ : ९ असते. त्यामुळे अशा वाहिनीवर जुना चित्रपट दाखविताना दोन्ही बाजूंचे काळे पट्टे वाहिनीलाच चित्रात घालावे लागतात.

दोषांचे प्रकार : (१) पसरट चित्र. ४ : ३ चित्र पूर्ण रुंद पडद्यावर ताणल्यास रुंदी एकतृतीयांशाने वाढते, वर्तुळाचे आडवे लंबवर्तुळ होते. (२) लांबट चित्र. १६ : ९ चौकटीचे चित्र ४ : ३ पडद्यावर दाबले गेल्यास रुंदी एकचतुर्थांशाने घटते. (३) डावीउजवीकडे काळे पट्टे. रुंद पडद्यावर ४ : ३ चित्र योग्य आकारात दाखविल्यास प्रत्येक बाजूस पडद्याच्या रुंदीचा एकअष्टमांश भाग रिकामा राहतो. हा दोष नव्हे. ८१ सेंमी. (३२ इंची) संचाचा पडदा सु. ७१ सेंमी. रुंद व ४० सेंमी. उंच असतो, त्यावर असे चित्र सु. ५३ सेंमी. रुंद दिसणे हेच योग्य होय. (४) वर-खाली काळे पट्टे. ४ : ३ पडद्यावर रुंद चित्र, किंवा रुंद पडद्यावर सिनेमास्कोप चित्रपट, असा दिसणे स्वाभाविक आहे. मात्र पट्ट्यांबरोबर माणसेही पसरट दिसत असतील, तर दोष निश्चित आहे : पेटीने संच ४ : ३ आहे असे समजून पट्टे घातले व संचाने ती चौकट पुन्हा ताणली. (५) चारही बाजूंस पट्टे. पेटीने वर-खाली व संचाने डावीउजवीकडे पट्टे घातले, की चित्र पडद्याच्या नऊ-सोळांश भागात आक्रसते. वर सांगितलेल्या संचावर ते केवळ सु. ५३ × ३० सेंमी. उरते. (६) कडा कापल्या जाणे. ‘झूम’ मांडणीत ४ : ३ चित्र पडद्याची रुंदी भरेपर्यंत मोठे होते व त्याच्या उंचीचा एकअष्टमांश भाग वर आणि तेवढाच खाली कापला जातो. यांखेरीज नलिकेच्या काळातील प्रथेप्रमाणे काही संच चित्र चारही बाजूंनी थोडे पडद्याबाहेर ताणतात.

चौथा व पाचवा हे प्रकार विशेष उद्बोधक आहेत. एकाच विसंगतीची दुरुस्ती पेटी व संच हे दोघेही स्वतंत्रपणे करू लागले, म्हणजे ते उद्भवतात. म्हणून आकार जुळविण्याचे काम एकाकडेच सोपवावे व दुसऱ्याने मिळालेले चित्र आहे तसे दाखवावे, हे उपाययोजनेचे मुख्य तत्त्व होय.

परीक्षण : प्रथम चित्र खरोखर विकृत आहे की नाही, हे ठरवावे. मुख्य साधन वर्तुळ हेच. घड्याळाची तबकडी, सरळ समोरून दिसणारे वाहनाचे चाक किंवा वाहिनीने रेखाटून दाखविलेल्या राष्ट्रध्वजावरील अशोकचक्र यांची रुंदी व उंची कागदाच्या पट्टीने पडद्यावरच मोजावी. दोन्ही मापे समान असल्यास घाट योग्य आहे, मग काळे पट्टे असोत वा नसोत. रुंदी उंचीच्या सु. १·३३ पट असल्यास चित्र ताणलेले व ०·७५ पट असल्यास दाबलेले आहे, असे समजावे.

त्यानंतर दोषाचे स्थान शोधावे. तीन-चार वाहिन्या पाहाव्यात. दोष एकाच वाहिनीवर किंवा एकाच कार्यक्रमात असेल, तर तो बहुधा प्रेषणातील असतो व घरातील मांडणी बदलू नये. सर्व वाहिन्यांवर सारखाच दोष असल्यास दूरनियंत्रकाने पेटीची स्वतःची सूची पडद्यावर आणावी. तिची अक्षरेही पसरट किंवा कापलेली दिसली, तर संच चित्र ताणत वा कापत आहे. सूची ठीक असून कार्यक्रमच विकृत असल्यास पेटीची मांडणी तपासावी. जुना संच काढून नवा बसविल्यापासून दोष सुरू झाला असेल, तर पेटीतील संचाविषयीची नोंद बदललेली नाही, असा तर्क प्रथम करावा.

उपाय : पेटीच्या सूचीत ‘सेटिंग’ या भागात ‘टीव्ही टाइप’ किंवा ‘ॲस्पेक्ट रेशो’ अशी नोंद असते. रुंद संचासाठी ती १६ : ९ करावी आणि ४ : ३ कार्यक्रमांसाठी ‘पिलर बॉक्स’ हा पर्याय असल्यास निवडावा. त्यामुळे पेटीतून निघणारी चौकट सदैव १६ : ९ राहते. मग संचावर ‘१६ : ९’, ‘फुल’ किंवा ‘ओरिजिनल’ यांपैकी योग्य ती मांडणी एकदाच करून पुढे ती बदलू नये. ‘एव्ही’ केबल असली, तरी हीच जोडी उपयोगी पडते. ४ : ३ पडद्याचा नलिकेचा संच असल्यास पेटीत ४ : ३ व ‘लेटर बॉक्स’ हे पर्याय निवडावेत. ‘पॅन अँड स्कॅन’ हा पर्याय पडदा भरतो. पण चित्राच्या दोन्ही बाजू कापतो. एचडीएमआय जोडणीत कडा कापल्या जात असल्यास संचावरील ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ अशा नावाची मांडणी वापरावी. पेटीत केलेला बदल जतन करावयाचा असल्यास तशी कळ दाबण्यास विसरू नये. दूरनियंत्रकावरील ‘झूम’ची कळ अनवधानाने दाबली जाणे, हेही दोषाचे नेहमीचे कारण आहे, ती पुन्हा दाबत गेल्यास पर्याय क्रमाने बदलतात.

मर्यादा : वाहिनीने जुना चित्रपट ताणूनच प्रक्षेपित केला, तर पेटीत काहीही बदलून तो सुधारत नाही; संचावर तात्पुरती ४ : ३ मांडणी केल्यास चेहरे मूळ आकारात येतात. काही संच उच्च विभेदनाच्या चित्रासाठी ही मुभा देत नाहीत. उलट, सामान्य विभेदनाची वाहिनी ४ : ३ चौकटीत वर-खाली पट्टे घालूनच रुंद चित्रपट दाखवीत असेल, तर पेटी व संच निर्दोष असूनही चारही बाजूंस काळे दिसते. वाहिनीचे चिन्ह किंवा धावती पट्टी त्या वर-खालच्या काळ्या भागात दिसत असल्यास पट्टे वाहिनीने घातलेले आहेत, हे ओळखता येते. अशा वेळी ‘झूम’चा वापर उचित ठरतो, कारण त्यात मुख्यतः काळे पट्टेच कापले जातात.

पडद्याचा काही भाग काळा राहिल्यास संच बिघडेल, ही समजूत द्रव-स्फटिकी पडद्याच्या बाबतीत निराधार आहे. प्लाझ्मा व ओएलईडी पडद्यांवर मात्र स्थिर पट्टे दीर्घकाळ राहिल्यास त्यांची पुसट खूण उमटू शकते. पूर्ण भरलेला पडदा म्हणजे पूर्ण चित्र, हा समजही असाच बाजूस ठेवला पाहिजे. संत तुकाराममधील अभंग गाणारा चेहरा रुंद पडद्यावर ताणला असता एकतृतीयांशाने पसरतो. दोन्ही बाजूंस काळी जागा सोडून दाखविलेला चेहराच छायालेखकाने टिपलेला चेहरा असतो. [→ केबल दूरचित्रवाणी, दूरचित्रवाणी].