तापीकाठी दोन पाळणे

आमच्या बऱ्हाणपुरात तापीच्या घाटावर उभे राहिले की पाठीशी शाही किल्ल्याच्या भिंती आणि पैलतीरी झैनाबादची झाडी दिसते. याच गावी 17 जून 1631 रोजी मुमताजमहल बाळंतपणात मृत्यू पावली. तिचे वय 38 आणि ते तिचे चौदावे बाळंतपण. मुलगी गौहरआरा जगली, आई गेली. पैलतीरावरील आहूखान्याच्या बागेत तिचा देह सहा महिने विसावला आणि डिसेंबरात आग्र्यास नेण्यात आला. ताजमहाल पाहून येणारे पुष्कळ. पण ते एका अडलेल्या बाळंतिणीचे स्मारक आहे, हे ध्यानी घेणारे थोडे. शाळेतील मुलांना आहूखाना दाखवावयास नेतो, तेव्हा हे मी आवर्जून सांगतो. गेल्या वर्षी मात्र स्वतःच्या मुलीला घेऊन दवाखान्याची पायरी चढताना हीच गोष्ट मनातून जाता जाईना.

मुलगी जळगावी दिलेली. पहिलटकरीण म्हणून रीतीप्रमाणे माहेरी आली होती. जुळे आहे, हे तिसऱ्या महिन्यातील सोनोग्राफीतच कळले होते. मुलगे की मुली, हे कोणी विचारले नाही; 1994 च्या कायद्याने ते सांगताही येत नाही. डॉक्टरीणबाईंना त्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची चौकशी अधिक होती : दोघांची वार एक की वेगवेगळी? वार एकच असली तर एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे वळण्याचा धोका असतो आणि प्रसूतीही थोडी आधी करावी लागते. आमच्या सुदैवाने दोन वारा निघाल्या. परंतु आठव्या महिन्यात पाहिले तो खालचे बाळ पायांकडून आलेले.

“पायाळू!” विहीणबाई आनंदाने म्हणाल्या. पायाळू माणसाला जमिनीखालचे पाणी आणि धन दिसते, त्याने कमरेला पाय लावला की उसण पळते, ही आपल्याकडची जुनी समजूत. डॉक्टरीणबाई हसल्या, पण त्यांनी स्पष्ट सांगितले की, जुळ्यांतील पहिले बाळ असे असेल तर सिझेरियन ठरवून करणेच हिताचे. एरवी त्या ऑपरेशनच्या मागे लागणाऱ्यांतल्या नव्हेत. पहिल्या बाळाचे डोके खाली असेल तर ठरवून केलेल्या सिझेरियनने विशेष लाभ होत नाही, हे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतील पाहणीत आढळले आहे. ते त्यांनीच मला सांगितले.

आता तारीख हाती आली म्हटल्यावर पंचांग उघडले गेलेच. आपल्या पिढीला जन्मवेळ देवाच्या हाती होती. ती माणसाच्या हाती आल्याबरोबर गुरुजींकडे गेली! विहीणबाईंनी जळगावहून चिठ्ठी आणली. तीत सर्वोत्तम योग निघाला होता, पण तो पस्तिसाव्या आठवड्यात. डॉक्टरीणबाईंनी सुचवलेला दिवस सदतीस आठवडे पुरे झाल्यावरचा आणि नेमकी त्या दिवशी अमावास्या.

येथे माझी एक उणीव सांगितली पाहिजे. वर्गात मी ग्रहणाच्या दिवशी मुलांना मुद्दाम डबे खावयास लावतो. घरात मात्र विहीणबाईंपुढे माझ्या तोंडून शब्द फुटेना. मुलीकडची बाजू, वडीलधारे माणूस, शिवाय काही वाईट घडले तर बोल कोणाला लागेल, या विचारांनी मी सुपारी कातरीत बसलो. बोलली ती मुलगीच. “आई, दोन आठवडे आधी यांना बाहेर काढले तर पत्रिका चांगली होईल, पण श्वास कोण घेईल?” ती डॉक्टरीणबाईंचेच बोलणे सांगत होती. गर्भाच्या फुप्फुसांत पाणी असते. कळांच्या वेळी ते ओसरू लागते. कळांवाचून, त्यातही दिवस भरण्याआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याचा संभव म्हणूनच अधिक. वारा वेगळ्या असलेल्या जुळ्यांना सदतीस-अडतीस आठवड्यांचा काळ साधावा असे वैद्यक म्हणते. त्यापुढे थांबणेही बरे नव्हे. विहीणबाईंनी चिठ्ठी घडी करून बटव्यात ठेवली. त्या रात्री कोणीच नीट जेवले नाही.

त्यांच्या मनात दुसरेही शल्य होते. “कळा न सोसता आई होणे” हे शब्द शेजारपाजारहूनही ऐकू आले. ही शस्त्रक्रिया म्हणजे आळसाची वाट, असे समजणाऱ्यांना तिचा इतिहास ठाऊक नसतो. सुश्रुताने मूढगर्भाच्या प्रकरणात मृत आईच्या उदरातून जिवंत बाळ काढण्याविषयी सांगितले आहे. जगभर शतकानुशतके पोट चिरणे हा आई गेल्यावरचाच उपाय होता. जिवंत स्त्रीवर करीत, तेव्हा गर्भाशय न शिवताच सोडून देत आणि बहुतेक बायका दगावत. 1882 साली जर्मनीत माक्स झेंगर या वैद्याने गर्भाशय नीट शिवण्याची पद्धत घालून दिली, तेव्हापासून आई वाचू लागली. त्याच सुमारास मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकातील आपली आनंदीबाई जोशी अमेरिकेत वैद्यक शिकत होती. नवऱ्याच्या टपालखात्यातील नोकरीमुळे बंगालात राहिलेले ते मराठी कुटुंब. म्हणजे आपल्यासारखेच बाहेरचे. चौदाव्या वर्षी झालेले तिचे बाळ दहा दिवसांत गेले होते. 1886 साली पदवीसाठी तिने प्रबंध लिहिला, तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर.

अर्थात दुसरी बाजूही आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शंभरांतील 21.5 बाळंतपणे सिझेरियनने झालेली आढळली. खासगी दवाखान्यांत 47.4, तर सरकारी दवाखान्यांत 14.3. इतका फरक केवळ बायकांच्या प्रकृतीत असेल, हे मला पटत नाही. म्हणून ‘का?’ हा प्रश्न प्रत्येक घराने विचारावा. सरकारी रुग्णालयात 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त आणि नेण्या-आणण्याचे वाहन विनामूल्य आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

असो. अमावास्येला सकाळी आम्ही गेलो. विहीणबाई येणार नाहीत असे मला वाटले होते. त्या सर्वांच्या आधी बाकावर बसल्या होत्या. दोन बाटल्या रक्त आधीच राखून ठेवले होते, कारण जुळ्यांनी ताणलेले गर्भाशय प्रसूतीनंतर लवकर आवळत नाही आणि रक्त फार जाते. मुमताजही अशाच रक्तस्रावाने गेली असावी, असे आजचे डॉक्टर अनुमान करतात. जावई दारापाशी येरझाऱ्या घालत होते. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केलेला, मुलगी पूर्ण जागी. दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी मुलगा, त्रेचाळीसला मुलगी. 2 किलो 300 ग्रॅम आणि 2 किलो 100 ग्रॅम. मुलगा रडला. मुलीचा श्वास जरा जलद होता, म्हणून तिला नवजात कक्षात ठेवले आणि दुपारपर्यंत आम्ही काचेपलीकडे पाहत उभे राहिलो. त्या चार तासांविषयी अधिक लिहवत नाही.

सायंकाळी परिचारिका म्हणाली, बाळाला कोणाच्या तरी उघड्या छातीशी धरून ठेवा, ऊब मिळेल. आई टाक्यांमुळे अजून पडूनच होती. विहीणबाई पुढे झाल्या. पदराआड नातीला घेऊन त्या रात्री साडेनऊपर्यंत खुर्चीतून हलल्या नाहीत. दूध तिसऱ्या दिवशी उतरले. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर यांना डॉक्टरीणबाईंची हरकत नव्हती. टाके ओले असताना शेगडीचा शेक मात्र त्यांनी बंद केला.

बारशाला एक पाळणा घरचा होता, दुसरा शेजारच्या गुजर कुटुंबाने दिला. गुरुजींनी विचारले, थोरले कोणते? एक म्हातारी शेजारीण म्हणाली, मागून येते ते थोरले. त्यावर बराच वाद झाला. दुसरा वाद, पोटातून काढलेल्या मुलाला पायाळू म्हणावे की नाही, याचा. डॉक्टरीणबाई बारशाला आल्या होत्या. विहीणबाईंनी त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारले, “काढलात तेव्हा आधी पाय धरलेत की डोके?”

“पाय,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून आमच्या विहीणबाई कंबर धरली की नातवाच्या पाळण्याशी येऊन बसतात.